राजाचा खर्च कुणाच्या खाती

जुलैतल्या रत्नागिरीत छत्री उघडावी की मिटावी हे ठरेपर्यंत माणूस भिजलेलाच असतो. थिबा पॅलेसच्या, म्हणजे ब्रह्मदेशच्या कैदी राजाच्या वाड्याच्या, पायऱ्यांवर आम्ही तिघं तसेच भिजून उभे होतो: मी, मावशी आणि मावसभावाचा मुलगा. मावशीने जन्म रत्नागिरीत काढला, पण राजवाडा आतून बघायला ती येते फक्त पाहुण्यांबरोबर. आत ओल्या लाकडाचा, वटवाघळांचा आणि फरशी पुसायच्या फिनाईलचा मिळून एक वास होता. वरच्या मजल्यावरून भाट्याची खाडी दिसायला हवी होती, पण पावसाने ती पार पुसून टाकलेली. आमच्या पुढे एक कुटुंब चाललं होतं, बोलण्यावरून सांगलीकडचं असावं. त्यातले वडील मुलांना समजावत होते, ‘राज्य घेतलं, पण मान राखला बघा. कैदी असून एवढा वाडा ब्रिटिशांनी बांधून दिला.’ मुलं पुढे गेली. आमचा मुलगा मात्र तिथेच थांबला. त्याला पुण्यात नुकतीच नोकरी लागलेली, आणि पहिल्याच पगाराच्या स्लिपवर कापलेला कर बघून तो आठवडाभर घुश्शात होता. म्हणाला, ‘काका, ब्रिटिशांनी म्हणजे नक्की कुणी? तिकडून पैसे आणले होते का?’ मी काही बोलायच्या आत मावशी म्हणाली, ‘तुला काय करायचंय रे? तुझ्याकडे मागायला आलेत?’

हसलो आणि खाली उतरलो. पण प्रश्न काही उतरेना. रात्री कौलांवर पाऊस वाजत होता, शेजारी मावशी घोरत होती, आणि मी त्या लाल जांभ्याच्या वाड्याचा खर्च कुणाच्या नावे मांडला असेल याचा विचार करत पडलो होतो. सरकारी तिजोरीतून, हे उत्तर सोपं. ती तिजोरी कोलकात्याची होती, लंडनची नव्हे. आणि तिच्यात पैसे येत होते ते शेतसाऱ्याचे, मिठाचे, अफूचे, अबकारीचे. शिवाय राजाला इथे आणलं त्याच वर्षी आणखी एक नवं दार उघडलं होतं.

थिबा रत्नागिरीला आला १८८६च्या एप्रिलमध्ये. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा तरुण, दोन राण्या, कडेवरच्या मुली. रेल्वे नाही, पावसाळ्यात बोटी बंद. पळून जायचं म्हटलं तरी जाणार कुठे, या हिशेबाने निवडलेलं गाव. हा वाडा तयार झाला १९१० साली, म्हणजे त्याआधीची चोवीस वर्षं तो सरकारने ठरवून दिलेल्या दुसऱ्याच बंगल्यांतून राहिला. तनखा अपुरा पडायचा, मग राजाने बरोबर आणलेले दागिने गावातल्या सराफांकडे जायचे, आणि राजा उधळ्या आहे म्हणून साहेब वरती पत्रं लिहायचा. १९१६च्या डिसेंबरात तो इथेच वारला. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेत, या योगायोगावर इतक्यांनी इतकं लिहून ठेवलंय की मी तो इथेच सोडतो. मला त्या काळातल्या तिसऱ्याच माणसाबद्दल कुतूहल वाटायला लागलं होतं. पुण्यात किंवा ठाण्यात कुठल्यातरी कचेरीत बसलेला, वर्षाला पाचशे रुपये मिळवणारा कारकून. मंडाले कुठल्या दिशेला आहे हेही बहुधा त्याला धड माहीत नसेल.

तारखा जवळ ठेवून बघितल्या की अंगावर येतात. १८८५च्या नोव्हेंबरच्या मध्यावर इंग्रजी फौज इरावतीतून वर निघाली. २८ नोव्हेंबरला ती मंडालेत होती, दुसऱ्या दिवशी राजा शरण आला. लढाई अशी झालीच नाही म्हणायची, पंधरवड्यात आटोपली. १ जानेवारी १८८६ला व्हाइसरॉय डफरिनच्या जाहीरनाम्याने वरचा ब्रह्मदेश राणीच्या राज्यात सामील झाला, नवीन वर्षाची भेट म्हणून. आणि त्याच वर्षीचा कायदा क्रमांक २ म्हणजे इन्कम टॅक्सचा कायदा. १ एप्रिलपासून लागू. राजाची बोट कोकणच्या किनाऱ्याला लागली त्या महिन्यातच हिंदुस्थानातल्या सरकारी नोकरांच्या पगारातून पहिली कापणी झाली असणार, कारण कापूनच पगार हातात ठेवायचा ही रीत सरकारी नोकरांसाठी त्या कायद्यातच होती. आमच्या मुलाला हे सांगितलं तेव्हा त्याचा घुस्सा जरा ऐतिहासिक झाला.

सगळा दोष ब्रह्मदेशावर टाकणं मात्र रास्त होणार नाही. १८८५च्या मार्चमध्ये अफगाण सरहद्दीवर पंजदेहला रशियनांनी अफगाणांना मागे रेटलं आणि सिमल्यात घबराट उडाली. फौज वाढवायचं ठरलं, गोरे दहा हजार आणि एतद्देशीय वीसएक हजार. त्यात चांदी उतरत होती, रुपयाचा भाव पौंडापुढे घसरत होता, आणि लंडनला दरसाल पाठवायची रक्कम पौंडात होती. तिजोरीला तीन बाजूंनी गळती. ब्रह्मदेश ही त्यावर चौथी, आणि ती मुद्दाम पाडलेली. अर्थखात्याच्या ऑकलंड कॉल्व्हिनने जो कायदा आणला तो कागदावर बघायला गेलं तर सभ्य होता. वर्षाला पाचशेच्या आत कमाई असेल तर माफ. पाचशे ते दोन हजार, रुपयाला चार पै. दोन हजारांच्या वर, रुपयाला पाच पै. रुपयाच्या एकशे ब्याण्णव पै, म्हणजे टक्क्यात सांगायचं तर दोन आणि अडीचच्या थोडं वर. माझ्या त्या पाचशेवाल्या कारकुनाला वर्षाला दहा रुपये सहा आणे आणि वर काही पै. आज हसू येतं. पण त्याच कायद्यात एक बारीक कलम होतं: फौजेतल्या माणसाचा पगार महिन्याला पाचशेपर्यंत असला तरी त्याला माफी. कारकुनाला सूट वर्षाच्या पाचशेला, कप्तानाला महिन्याच्या पाचशेला. लढाईला निघालेल्याच्या पगाराला हात लावायचा नाही, आणि त्या पगाराची सोय लावायची ती मागे घरी बसलेल्याच्या पगारातून.

आमच्या घरी इन्कम टॅक्स म्हणजे वडिलांचा ‘सरल’ फॉर्म. एकाच कागदाचा, पाठपोट. जेवणाचं टेबल पुसून घ्यायचं, त्यावर वर्तमानपत्र अंथरायचं, मग शाईचं पेन, फॉर्म सोळा, एलआयसीच्या पावत्या, पोस्टाची एनएससी. आई तेवढा वेळ स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज करायची नाही. वडिलांना कर भरायचा राग नव्हता. उलट, आपण भरतो म्हणजे आपण कुणीतरी आहोत असं काहीसं त्यांना वाटत असावं. गल्लीतले दुकानदार काका ‘आम्ही कशाला भरतोय’ म्हणून डोळे मिचकावायचे तेव्हा वडील जागच्या जागी आखडायचे. रस्ता खराब असला की मात्र म्हणायचे, ‘आमचे पैसे गेले कुठे?’ खड्डा दिसतो, त्याच्यावर बोट ठेवता येतं. वडिलांच्या पैशांतून लांब कुठे काय काय झालं असेल, ते त्यांनी कधी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारत नाही. पोर्टलवर आकडे आधीच भरून आलेले असतात, ओटीपी टाकायचा, झालं.

तसं बघितलं तर या कराचं बीजच मुळी लढाईच्या खर्चात आहे. १८५७ मोडून काढताना कंपनी सरकारने कर्जाचा डोंगर केला, आणि तो उतरवायला राणीच्या सरकारने १८५९च्या अखेरीस जेम्स विल्सनला पाठवलं. विलायतेत एक नामांकित अर्थविषयक साप्ताहिक आणि एक बँक काढलेला माणूस. त्याने १८६०च्या फेब्रुवारीत कोलकात्यात हिंदुस्थानचं पहिलं अंदाजपत्रक मांडलं आणि इन्कम टॅक्सला आधार म्हणून चक्क मनूचा दाखला दिला. ज्यांच्या शेजारापाजाऱ्यांना फाशी दिलं, त्या फाशीचा खर्च त्यांच्याकडूनच घ्यायचा, आणि वर सांगायचं की तुमच्या शास्त्रात आहे हो हे. मद्रासचा गव्हर्नर ट्रेव्हेलियन या कराच्या इतका विरोधात गेला की त्याने आपलं टिपण वर्तमानपत्रांत छापू दिलं, आणि त्यापायी त्याला परत बोलावलं गेलं. जुलैअखेर कर लागू झाला, ११ ऑगस्टला विल्सन कोलकात्यातच आमांशाने गेला. कर त्याच्यामागे पाच वर्षं जगला. मग तो कधी लायसन्स टॅक्स होऊन आला, कधी सर्टिफिकेट टॅक्स, १८६९मध्ये पुन्हा उघड नावाने, १८७३मध्ये पुन्हा बंद. १८७८मध्ये दुष्काळाच्या नावाने लायसन्स टॅक्स बसला तेव्हा सुरतेत दंगल झाली, आणि दुष्काळासाठी म्हणून जमा केलेला तो पैसा अफगाण लढाईत वळता केला अशी ओरड पुढे कित्येक वर्षं चालली. १८८६मध्ये आला तो मात्र कायमचा मुक्कामाला.

हिंदुस्थानच्या पैशाने दुसऱ्यांच्या घरी लढायची तर सवयच होती. अॅबिसिनियाला फौज गेली, तिचा नेहमीचा पगार हिंदुस्थानकडून. अफगाणिस्तान, बराचसा हिंदुस्थानकडून. इजिप्त, त्यातलाही वाटा. १८६७मध्ये तुर्कस्तानचा सुलतान लंडनला आला, त्याच्यासाठी इंडिया ऑफिसात नाचाची मोठी मेजवानी झाली, तिचं बिलही इकडे लावलं. जेवून दुसऱ्याने उठायचं आणि ताट घासायला आपण, असा तो सगळा कारभार. ब्रह्मदेशाचं वेगळेपण एवढंच की तो खर्च लढाईवर थांबला नाही. राजा पंधरवड्यात गेला, पण देश चार-पाच वर्षं हाती येईना. गावोगाव टोळ्या उठल्या, इंग्रजी कागदपत्रांत त्यांना सरसकट डाकू म्हटलंय. गावं जाळली गेली. दहा हजारांची फौज तिपटीवर गेली, बरोबर लष्करी पोलीस वेगळे. मुंबई इलाख्यातल्या पलटणीही गेल्या. त्यांत आपल्या घाटावरची आणि कोकणातली माणसं असणार, तापाने आणि जुलाबाने मेलेली, ज्यांच्या घरी पुढे फक्त पेन्शनचा कागद आला. डफरिनसाहेबाला मात्र १८८८मध्ये बढती मिळाली. तो डफरिन आणि आवा इथला मार्क्विस झाला. आवा ही ब्रह्मदेशाची जुनी राजधानी. गाव घेतलं हिंदुस्थानच्या खर्चाने, नाव गेलं आयर्लंडातल्या सरदाराच्या घराण्याला.

आता इथे माझं मन जरा दोन्हीकडे ओढलं जातं.

कारण १८८६च्या करावर सगळ्यात मोठ्याने ओरडले ते साहेब लोक. एतद्देशीय व्यापारी लायसन्स टॅक्स आधीपासून भरतच होता. सरकारी नोकर, वकील, डॉक्टर यांना ती झळ नव्हती. नव्या कायद्याने कलेक्टराच्या पगारातही रुपयाला पाच पै घुसले, आणि सिमल्या-लाहोरकडच्या इंग्रजी पत्रांतून कॉल्व्हिनची विडंबनं छापून आली. आपल्याकडच्या पुढाऱ्यांना यात गुदगुल्या झाल्या नसतील असं म्हणवत नाही. काँग्रेसची पहिली बैठक पुण्याला व्हायची होती, तिथे पटकी आली म्हणून ती मुंबईत गोकुळदास तेजपालच्या संस्कृत पाठशाळेत भरली, २८ ते ३० डिसेंबर १८८५. मंडाले पडून महिना झालेला, सामीलनाम्याला दोन दिवस बाकी. तिथल्या बहात्तर माणसांनी जे ठराव केले त्यांत एक होता की लष्करी खर्च वाढवू नका. त्याच्या पाठोपाठ दुसरा: वाढवणारच असाल तर आधी काटकसर करा, आयातीवरची जकात परत बसवा आणि लायसन्स टॅक्स ज्यांना आजवर माफ आहे त्या वर्गांनाही लावा, सरकारी नोकर धरून. म्हणजे घ्यायचाच तर साहेबाकडूनही घ्या. महिन्याभरात सरकारने नेमकं तेच केलं, जकातीचं तेवढं सोडून. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना कोण दुखावणार!

आणि सातवा ठराव ब्रह्मदेशाचा. त्याचा अर्थ असा: वरचा ब्रह्मदेश खालसा करणं आम्हाला पसंत नाही, पण सरकारने दुर्दैवाने तसं ठरवलंच तर सगळा ब्रह्मदेश हिंदुस्थानच्या कारभारातून वेगळा काढा, सिलोनसारखी स्वतंत्र वसाहत करा. हा ठराव पहिल्यांदा वाचला तेव्हा मला अभिमान वाटला होता. गुलाम देशातल्या माणसांनी दुसऱ्याच्या गुलामीवर बोट ठेवलं म्हणून. पुन्हा वाचला तेव्हा नजर दुसऱ्या अर्ध्यावर गेली. नापसंती एका दमात संपते, आणि मग हिशेबाची वही उघडते. घ्यायचा तर घ्या, आमच्या खात्यावर नको. यात चूक काही नाही. ज्यांच्याकडे मत नाही, फौज नाही, त्यांच्याकडे तक्रारीला एक खर्चच उरतो, आणि इंग्रजाला तीच भाषा कळते हेही त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरीपण मंडालेच्या रस्त्यावर राजाला बैलगाडीत बसवून नेताना रडलेली माणसं त्या ठरावात कुठे नाहीत. मी त्यांना शोधत होतो, हा माझा एकशेचाळीस वर्षांनंतरचा आगाऊपणा असेल.

पण खरी गोम पुढे आहे, आणि ती मला कुठल्याही ठरावापेक्षा जास्त खुपते. इन्कम टॅक्सचा एवढा गाजावाजा झाला, त्यातून पहिल्या वर्षी मिळाले सव्वा कोटीहून थोडे जास्त. ब्रह्मदेशाची भूक मोठी होती. मग १८८८च्या जानेवारीत डफरिनच्या सरकारने एका हुकमानिशी मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये केला. मिठाचं उत्पन्न सहा-साडेसहा कोटी होतं ते काही वर्षांत आठ कोटींच्या घरात गेलं. मी कागदावर ढोबळ हिशेब मांडून बघितला. माणशी वर्षाला पाचएक किलो मीठ धरलं तर आठ आण्यांच्या वाढीतला माणशी वाटा जेमतेम एक आणा. नोटीस नाही, फॉर्म नाही, कचेरीत खेटे नाहीत. विडंबन कोण लिहिणार? इन्कम टॅक्स ज्याला लागला त्याला लिहिता येत होतं, त्याच्या ओळखीचा संपादक होता. मीठ सगळ्यांनाच लागत होतं. पेजेत खडा टाकणाऱ्या बाईला त्या खड्यात मंडाले आहे हे सांगायला कुणी गेलं नाही. ज्या कोकणात राजाला ठेवलं त्या कोकणाला तर मिठाशिवाय बांगडाही खारवता येत नाही. मावशीकडे अजून पावसाळ्याआधी सुके बांगडे, सोडे, बोंबील डब्यात भरून ठेवतात. झाकण उघडलं की घरभर वास, आणि पेठेत वाढलेली माझी बायको खिडकी उघडते. मिठाचा तो जादा आठ आण्यांचा कर पंधरा वर्षं टिकला. राजा तेव्हा टेकडीवर त्याच वाऱ्यात बसलेला.

यात सुटला कोण, तर जमीनदार. १८८६च्या कायद्याने शेतीचं उत्पन्न करातून वगळलं. रयत सारा भरतेच आहे, तिच्यावर दुहेरी बोजा नको, हे कारण ऐकायला बरं होतं. पण त्या आडोशाला बंगालचे बडे जमीनदारही उभे राहिले, ज्यांचा सारा शंभर वर्षांपूर्वी कायमचा बांधून दिलेला होता. ती सूट आजही आहे, आणि आजही तिच्या आडोशाला कोण कोण उभं असतं ते मी सांगायला नको.

रानडे या सगळ्यात कुठे होते ते बघावंसं वाटलं. १८८६मध्येच सरकारने खर्च कुठे कापता येईल हे शोधायला एक अर्थसमिती नेमली, तिच्यावर मुंबई इलाख्यातर्फे रानडे गेले. न्यायखात्यातला हा माणूस दौलतखात्याच्या वह्या चाळत गावोगाव फिरला. काटकसर सुचवायची ती शाळा, इस्पितळं, रस्ते, कचेऱ्या यांतली. फौज त्या समितीच्या हातात नव्हती. रानड्यांच्या स्वभावाला धरून त्यांनी ते काम मन लावून केलं असणार. मला मात्र त्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघताना गुदमरायला होतं. वर्षभर पै-पैचा शोध घ्यायचा, आणि ज्या खोलीतून रुपये बाहेर चाललेत त्या खोलीला कुलूप.

त्यांच्या शिष्याने पुढे त्या कुलपावर हात मारला. गोखले १८९७मध्ये लंडनला, हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गेले तेव्हा एकतिशीचेही झाले नव्हते. गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचा मुलगा, याच जिल्ह्यातला. हिंदुस्थानच्या सरहद्दीबाहेरच्या लढाया, ब्रह्मदेश, फौजेची वाढ, हे सगळं आकड्यांनिशी त्यांनी तिथे मांडलं. मग १९०२च्या मार्चमध्ये कोलकात्यात अंदाजपत्रकावरचं पहिलं भाषण. सरकार शिल्लक दाखवून खूश होतं. गोखले म्हणत होते की ही भरभराट नव्हे, रुपया पडला तेव्हा चढवलेले कर तो सावरल्यावरही तसेच ठेवलेत म्हणून ही शिल्लक आहे. मीठ कमी करा, इन्कम टॅक्सची सूट हजारांपर्यंत न्या. पुढच्याच वर्षी, १९०३मध्ये, कर्झनच्या सरकारने दोन्ही केलं. मीठ पुन्हा दोन रुपयांवर आलं, पाचशेवाला कारकून करातून सुटला. आरडाओरडा न करता, नुसत्या बेरजा-वजाबाक्यांनी मिळवलेला तो विजय होता. आमच्या घरी गोखल्यांना ‘मवाळ’ म्हणून नाक मुरडायची पद्धत होती. मला आता त्या माणसाची भीती वाटते. इतकं शांतपणे इतकं टोचणारं कसं बोलायचा!

मावशीच्या ओटीवर एक झोपाळा आहे. आजोबांनी मुंबईत कुठलासा जुना बंगला पाडत होते तिथून लाकूड आणून करून घेतलेला. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचं, ‘बर्मा टीक आहे हो, शंभर वर्षं काही होणार नाही.’ हात फिरवला तर अजून तेलकट, थंड लागतो. कोकणातल्या निम्म्या घरांतून असं एखादं दार, एखादं कपाट दाखवतात. ब्रह्मदेशावर चाल करायला जे निमित्त झालं ते हेच लाकूड. मुंबईत नोंदवलेली बॉम्बे बर्मा कंपनी तिकडच्या निंग्यानच्या जंगलात सागवान तोडत होती. ओंडके कमी दाखवून राजाचा महसूल बुडवला असा ठपका ठेवून १८८५च्या ऑगस्टमध्ये मंडालेच्या दरबाराने तिला सुमारे तेवीस लाखांचा दंड केला. कर बुडवल्याचा दंड! फ्रेंचांची भीती होती, रंगूनच्या व्यापाऱ्यांची घाई होती, सगळं होतं, पण निर्वाणीचं पत्र गेलं ते या दंडावरून. एका कंपनीने राजाचा कर भरला की नाही यावरून राज्य गेलं, आणि ते घ्यायला ज्यांचा संबंध नव्हता त्यांनी कर भरला. हे मी मावशीला झोपाळ्यावर बसूनच सांगितलं. ती मटाराच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, ‘म्हणजे ह्याचेही पैसे आपण दोनदा दिले म्हण की.’

तिच्या आईच्या वेळी, ती म्हणाली, घरचं भात संपलं की वाण्याकडून रंगूनचा तांदूळ यायचा. बोटीने यायचा, जाडा असायचा, पेजेला बरा. लढाईत जपान्यांनी रंगून घेतलं आणि तो बंद झाला. तेवढ्यावर ती उठून आत गेली.

१९३७मध्ये ब्रह्मदेश खरंच वेगळा काढला, काँग्रेसच्या त्या सातव्या ठरावानंतर बावन्न वर्षांनी. वेगळा काढताना देण्याघेण्याचा हिशेब हवा म्हणून लंडनला अॅमेरीसाहेबाच्या अध्यक्षतेखाली न्यायाधिकरण बसलं होतं. तिथून निघालेला हिशेब असा की ब्रह्मदेशच हिंदुस्थानचं देणं लागतो, आणि ते त्याने वर्षानुवर्षं हप्त्यांनी फेडावं. दोन्ही देश स्वतंत्र झाले तरी ते कर्ज वहीत होतंच. शेवटी १९५४मध्ये दिल्ली आणि रंगून यांच्यात तांदळाचा मोठा सौदा झाला, आणि त्याच्याच जोडीने त्या जुन्या देण्याचा निकाल लावून टाकला. बरीचशी रक्कम आपण सोडून दिली. उरलेली त्यांनी दिली.